वाचून दाखवायची राहिलेली अर्ज

पद्माक्का, काही माणसं मरत नाहीत. ती संस्था होतात.

हे वाक्य माझं नाही. तुझ्या शोकसभेत ते कुलगुरूंनी उच्चारलं आणि उच्चारून झाल्यावर ते थोडे थांबले. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या असतात का, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. तीनचार जणांनी वाजवल्या आणि लगेच हात मांड्यांवर ठेवून दिले. मी पहिल्या रांगेत होतो. माझी ओळख ‘निवृत्त ग्रंथपाल आणि या सेवाव्रती दांपत्याचे चाळीस वर्षांचे स्नेही’ अशी करून दिली होती, त्यामुळे मला उठून जाता येत नव्हतं.

तू संस्था झालेली नाहीस. तू मंगळवारी सकाळी, वॉर्डात चहा यायच्या आधी, मेलीस. सिस्टरचा फोन आला तेव्हा मी रिक्षात होतो आणि मांडीवर डबा होता, तुला आवडते तशा पातळ आमटीचा. त्या डब्याचं पुढं काय झालं, ते मला आठवत नाही. डबाही सापडत नाही. आज सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत मी तुझ्याशी मनातल्या मनात इतका बोललोय की घसा बसलाय.

म्हणून हे लिहितोय. खरं म्हणजे वाचून दाखवतोय. जे तेव्हा दाखवायला हवं होतं, ते आता.

तिऱ्हाइतानं वाचलं तर त्याला कळावं, म्हणून तुम्ही दोघांनी जन्मभर काय केलं ते आधी सांगतो. गौरवपत्रात त्याला चार पानं लागली आणि तरी ते त्यात आलं नाही. कलेक्टर कचेरीच्या कुंपणाबाहेर, लिंबाखाली, तुम्ही एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकल्यात. लोकांचे अर्ज फुकट लिहून दिलेत. आणि सही-अंगठ्याच्या आधी प्रत्येक अर्ज ज्याचा त्याला, त्याच्या भाषेत, मोठ्यानं वाचून दाखवलात. बस, एवढंच.

अर्ज लिहून देणारे तिथं आणखीही होते. वाचून दाखवणारं कुणी नव्हतं. छापील कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते, ‘मजकूर वाचून दाखविला, समजला, मान्य आहे.’ ही ओळ सगळीकडे असते आणि कुठंच खरी नसते. तुझा नवरा दत्तू त्याच कचेरीच्या आवक विभागात कारकून. नोकरीची पहिली काही वर्षं त्यानं ती ओळ रोज शेकड्यानं पाहिली, आणि एके दिवशी घरी येऊन तुला म्हणाला, ‘पद्मा, आपल्या जिल्ह्यातली निम्मी माणसं सरकारला खोटं लिवून देत्यात, आन् त्यांना त्ये ठावं बी न्हाय.’ जेऊरचा माणूस. शहरात आयुष्य काढलं, पण संताप आला की बोलणं गावाकडचं व्हायचं. टेबल त्या संतापातून आलं. तू सकाळच्या शाळेत तेलुगू शिकवून दुपारी तिथं येऊन बसायचीस, दत्तू जेवणाच्या सुट्टीत बाहेर यायचा, आणि गुरुवारी माझी लायब्ररी बंद, म्हणून मी. माझं काम शुद्धलेखन तपासायचं. लोकांच्या आयुष्याचा प्रश्न असायचा आणि मी त्यातले ऱ्हस्वदीर्घ बघत असायचो.

एकदा विड्या वळणारी एक बाई आली. पेन्शनचा फॉर्म बाहेर कुणीतरी भरून दिला होता, तिला फक्त अंगठा कुठं करायचा ते विचारायचं होतं. तू म्हणालीस, ‘थांब, आधी ऐक.’ वाचत गेलीस आणि एका रकान्यापाशी अडलीस. तिथं लिहिलं होतं, पती हयात. बाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. ‘अक्का, कागदावर जिवंत हाय तर घरी लावून द्या की त्येला. विड्या वळायला दोन हात तर व्हतील.’ दत्तू इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडून दुसऱ्याच एका अर्जाचा सत्यानाश झाला.

आणि तो सांगोल्याकडचा धनगर. तू वाचत होतीस, त्यानं काठी आपटली. ‘बाई, मागं या. शेळ्या म्हनलासा व्हय? शेळ्या माज्या भावाच्या. माजी मेंढरं. भाऊ लई वंगाळ हाय, उद्या म्हनंल सगळं माजंच.’ तू न चिडता सबंध कागद पुन्हा लिहिलास.

मग ते आपलं जुनं भांडण. अर्ज हा की ही. तुझ्या तेलुगूत एक पुरुष सोडला तर बाई, बकरी, पुस्तक, पाऊस सगळं एकाच दावणीला. त्यामुळं तुझ्या मराठीत पेन हरवली, पाऊस आली, आणि अर्ज तर कायमच बाई. ‘ही अर्ज कुणाची?’ असं तू रांगेकडे बघून ओरडायचीस. वाचून झाल्यावर विचारायचीस, ‘समजली?’ आणि मराठीत जन्मलेली माणसंसुद्धा मान डोलवून म्हणायची, ‘समजली.’ मी दर गुरुवारी दुरुस्त करायचो. दत्तूही. तो म्हणाला, ‘अगं, अर्ज पुल्लिंगी हाय. तो अर्ज.’ तू चष्म्यावरून बघितलंस. ‘तो असती तर साहेबापुढं एवढी हात जोडून उभी राहिली असती काय?’

चाळीस वर्षांत यावर मला उत्तर सुचलेलं नाही. व्याकरणाची सगळी पुस्तकं माझ्याच ताब्यात असूनसुद्धा.

दुसरं भांडण जास्त लागलं होतं, आणि ते अर्धंच राहिलं. मी एकदा ऐटीत म्हणालो की वाचन ही माणसानं एकट्यानं, मुकाट्यानं करायची गोष्ट आहे. तू शेंगा सोलत होतीस. वर न बघता म्हणालीस, ‘सुधाकर, तू एवढी पुस्तक वाचलीस. कुणाला वाचून दाखवलीस?’ मी काहीतरी चुरचुरीत बोललो असणार. तू हसलीस आणि शेंगांची मूठ माझ्यासमोर ठेवलीस. विषय संपला असं मला वाटलं होतं.

तीन वर्षांपूर्वी दत्तू गेला. त्यानंतर तू एकटीच लिंबाखाली बसत राहिलीस, कचेरीनं तिथं वाहनतळ केला तोवर. लिंब राहिला, सावलीत मोटारी उभ्या राहिल्या. मग तू मला घरी बोलावलंस. मूलबाळ नाही, घर बांधायचं म्हणून घेतलेला प्लॉट तसाच पडून होता. तू म्हणालीस, तो विकून टाक आणि पैसे विद्यापीठाला दे. तिथं टेंभुर्णी, अक्कलकोट, कुठून कुठून पोरं येतात, घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. हॉस्टेलच्या कागदावर, हमीपत्रावर, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर सह्या करतात आणि कशावर केल्या ते त्यांना वर्षभरानं समजतं. ‘एक टेबल, दोन खुर्ची आणि वाचून दाखवणारी एक माणूस. तेवढी कर.’

मी ‘करतो’ म्हणालो. इतकं सरळ काम होतं.

विद्यापीठानं समिती नेमली. समितीनं मला निमंत्रक केलं. पहिल्याच बैठकीत कळलं की अक्षयनिधी ठरलेल्या शीर्षांखालीच घेता येतो, म्हणजे सुवर्णपदक, व्याख्यानमाला किंवा निबंध स्पर्धा. ‘टेबल’ असं शीर्ष नाही. मी बरंच बोललो. एक प्राध्यापक म्हणाले, ‘सर, भावना पोचली, पण टेबलाला प्रतिष्ठा नसते हो.’ एकानं सुचवलं, लोकप्रशासन विषयात पहिल्या येणाऱ्याला सुवर्णपदक. सगळ्यांना ते फार समर्पक वाटलं. तुमच्या टेबलापाशी उभं राहिलेल्या माणसांमधला एकही कधी कशात पहिला आलेला नव्हता, हे मी सांगू शकलो असतो. चहा आला होता. मी सांगितलं नाही. म्हटलं, नंतर बदलून घेऊ. म्हटलं, अक्काला समजावून सांगू.

मग तू पडलीस आणि कार्यक्रमाची तारीख ठरली, दोन्ही एकाच आठवड्यात. पाहुण्यांची वेळ मिळालेली होती. करारपत्रावर तुझी सही तेवढी राहिली होती.

त्या दिवसाचं मी आता लिहितो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

दुपारची वेळ. तू उशीला टेकून बसली होतीस. नळी डाव्या हाताला, उजवा हात मोकळा. मी कागद पॅडला लावून पुढं धरला. तू चष्म्यासाठी उशीखाली चाचपलंस. चष्मा तुझ्या घरी टीव्हीवर होता. मला माहीत होतं, सकाळी कुलूप लावताना मी तो पाहिला होता. तू म्हणालीस, ‘वाचून दाखव की.’

आणि मी म्हणालो, ‘काही नाही अक्का. नेहमीचंच आहे. फॉर्मॅलिटी.’

पद्माक्का, हा शब्द लिंबाखाली आपण किती वेळा ऐकला होता! एजंट म्हणायचे, भाऊबंद म्हणायचे, बहिणीला हिश्श्यातून उठवायला आलेले भाऊ म्हणायचे. कुणी तो शब्द उच्चारला की दत्तू खुर्ची मागं सरकवून उभा राहायचा. आणि मी तो तुला म्हणालो. तुझ्याच कागदाला. तू माझ्याकडे बघितलंस. किती वेळ बघितलंस, ते मला सांगता येणार नाही. मग पेन घेतलंस आणि सही केलीस, पूर्ण, तेलुगू वळणाच्या गोल मराठी अक्षरात. चाळीस वर्षांत न ऐकता केलेली तुझी ही एकच सही.

का केलीस? अक्का, का केलीस? माझ्यावर विश्वास होता म्हणून की मला ओळखलंस म्हणून? दमली होतीस का? की मला लाजवायला केलीस? मी रात्रंदिवस त्या नजरेचा अर्थ लावतोय आणि दर वेळी वेगळा लागतो. आयुष्यभर मजकुराचा अर्थ लावण्याचा पगार घेतला. एवढी एक ओळ लागत नाही.

दोन दिवसांनी कार्यक्रम झाला. दीप लागता लागेना, कारण वर ए.सी. होता. मागे मोठा फलक होता, ‘कै. दत्तात्रय व सौ. पद्मा स्मृतिगौरव अक्षयनिधी’. म्हणजे एकाच ओळीत दत्तू मेलेला होता आणि तुझा नवरा जिवंत. मला ती विडीवाली बाई आठवली. घरी लावून द्या की त्येला. मला हसू आलं आणि मग ते थांबेना. शेजारच्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, त्यांना वाटलं मी गहिवरलोय. स्मृती वगैरे तर तुझी अजून व्हायचीच होती. तू दोन किलोमीटरवर पेज पीत होतीस. तुझी शाल आणि नारळ रिकाम्या खुर्चीला देण्यात आला.

संध्याकाळी तू विचारलंस, ‘कार्यक्रम कशी झाली?’

‘छान झाली,’ मी म्हणालो. मी दुरुस्तसुद्धा केलं नाही.

‘टेबल कुठं ठेवणार?’

इथं मला सांगता आलं असतं. वॉर्डात शांत होतं, सिस्टर बाहेर होती, तू शुद्धीवर होतीस, आणि माझ्याकडे वेळच वेळ होता. मी म्हणालो, ‘गेटाजवळ. झाडाखाली.’

‘कुठली झाड?’

‘लिंबाचं.’

‘बरी आहे,’ तू म्हणालीस आणि डोळे मिटलेस.

गेटाजवळ लिंब नाही, अक्का. गुलमोहर आहे. टेबल तर नाहीच.

पाच दिवसांनी तू गेलीस. तेरावं झाल्यावर मी वॉर्डात गेलो, सिस्टरला भेटायला. म्हटलं, मी सही घेऊन गेल्यावर त्या काही बोलल्या का? तिनं आठवून सांगितलं, ‘हो काका. तुम्ही गेल्यावर त्यांनी चष्मा मागितला. कागद कुठाय म्हणाल्या. मी म्हटलं, काका घेऊन गेले.’

‘मग?’

‘मग काही नाही. उजव्या कुशीवर वळल्या.’

मी तिथं बाकावर बसलो. एका रुग्णाच्या बायकोनं येऊन मला पाणी दिलं आणि विचारलं, ‘तुमचं कोन हाय आत?’ मी म्हणालो, कुणी नाही. ती घाबरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठात गेलो. निधीचा उद्देश बदलून द्या म्हणालो. टेबलामागचा गृहस्थ सभ्य होता, त्यानं मला खुर्ची दिली. ‘काका, त्याला मूळ देणगीदाराचा अर्ज लागतो. सहीनिशी.’

‘त्या वारल्या.’

‘हो, आम्ही होतो की सभेला. फार छान झाली.’ मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं असावं. ‘वारसांचा अर्ज असला तरी चालेल.’

‘वारस नाहीत.’

‘मग करारपत्राप्रमाणंच राहणार. आणि काका, त्यांना ते मान्य होतंच ना. हे बघा, खाली आहे. मजकूर वाचून दाखविला, समजला, मान्य आहे. त्यांची सही. वाचून दाखविणाऱ्याची सही...’ तो वाकून नाव लावू लागला. ‘हे तर तुम्हीच.’

सही माझीच होती. चांगली ठसठशीत. खाली मोबाइल नंबरसुद्धा दिला होता.

अक्का, कृतज्ञता वगैरे मला नीट लिहिता येत नाही. शोकसभेत इतकी झाली की मला त्या शब्दाचा उबग आला. पण माझी बायको गेली तेव्हा लायब्ररीतल्या सगळ्यांनी मला ‘धीर धरा’ असं पत्रातून लिहिलं होतं. तू रोज दुपारी येऊन, माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून, तिच्या विम्याचे कागद मला मोठ्यानं वाचून दाखवलेस. मला वाचता येत होतं. मी ग्रंथपाल होतो. तरी वाचून दाखवलेस, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि विचारलंस, ‘समजली?’ तेव्हा कुठं मला समजलं की ती गेली. आणि तुझी पाळी आली तेव्हा मला दोन पानं वाचवली नाहीत.

म्हणून परवा मी तुझ्या घरून टेबल आणलं. तेच, ज्याच्या एका पायाखाली दत्तू पुठ्ठ्याची घडी घालायचा. घडी अजून तिथंच आहे. त्यापाशी बसून मी अर्ज लिहिला. निधीचं राहू दे, पदक ज्याला मिळायचं त्याला मिळू दे. मी माझ्या नावानं लिहिलंय. सही करण्याआधी उभा राहून समोरच्या रिकाम्या खुर्चीला मोठ्यानं वाचून दाखवलं. इथं पुन्हा वाचतो. ऐक.

‘मा. कुलसचिव यांस. विषय: प्रवेशद्वाराजवळ एक टेबल व दोन खुर्च्या ठेवण्यास परवानगी मिळण्याबाबत. महोदय, मी खाली सही करणार सुधाकर, वय बहात्तर, निवृत्त ग्रंथपाल. कै. पद्मा यांना त्या आजारी असताना मी असे सांगितले की, त्यांचे टेबल आपल्या प्रवेशद्वाराजवळ लिंबाखाली ठेवण्यात येईल. ते खोटे होते. मला ते खरे करायचे आहे. लिंब नसल्यास गुलमोहर चालेल. टेबल व खुर्च्या माझ्याकडे आहेत. मी रोज अकरा ते पाच तेथे बसेन आणि जो विद्यार्थी येईल त्याला त्याचा कागद सहीपूर्वी वाचून दाखवेन. तेलुगू मला येत नाही, शिकत आहे. मानधन नको, फलक नको, उद्घाटन नको. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने झाली असून दिसते. तरी माझी ही अर्ज मंजूर व्हावी, ही विनंती.’

वाचून झाल्यावर मी सही केली. ‘समजली?’ असं कुणी विचारलं नाही.

काल आवक विभागात दिली. आज दुपारी फोन आला की दुरुस्तीसाठी घेऊन जा. मी रिक्षा करून गेलो. शेवटच्या ओळीतल्या ‘माझी ही’ याभोवती लाल गोल होता आणि समासात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘माझा हा’. बाकी मजकुरावर शेरा नाही.